वेळासची पहाटफेरी

कासवीण रात्री येऊन गेली, हे सकाळी वाळू सांगते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी दोन फूट लांबीची, चाळीस किलोच्या आसपास वजनाची. पाण्यात सहज तरंगणारं हे धूड पुळणीवर आलं की पायांनी वाळू मागे रेटत अंग पुढे ओढतं. त्यामुळे ओल्या वाळूवर दोन-अडीच फूट रुंदीचे दोन पट्टे उमटतात, एक समुद्राकडून वर आलेला आणि एक परत गेलेला. दोन्ही जिथे मिळतात तिथली वाळू विस्कटलेली दिसते. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते, त्यावर अंग आपटून वाळू दाबते आणि आजूबाजूची वाळू उडवून जागा झाकून टाकते. वरवर पाहणाऱ्याला नेमकं घरटं सापडणार नाही अशी ही व्यवस्था.

पहाटे फेरीवर निघालेला कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावकरी, त्या विस्कटलेल्या वाळूपाशी थांबतो आणि हातातली बारीक काठी जपून टोचत जातो. घट्ट वाळू काठीला अडवते. जिथे खड्डा खणून भरलेला असतो तिथे काठी अलगद आत जाते. तिथेच हात थांबला पाहिजे. आणखी बोटभर रेटली तरी अंडं फुटतं. पुढचं सगळं काम हातानं, ओंजळ ओंजळ वाळू काढत करायचं. दीड फुटाच्या आसपास खाली, वर अरुंद आणि तळाशी रुंद अशा खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी एकावर एक पडलेली असतात. पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं.

ही फेरी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पाहायला मिळते. सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिणेला हे गाव. खाडीपलीकडे हरिहरेश्वर. नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत वेळासचा उल्लेख येतो. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि पुळणीच्या वर सुरूचं बन. गेल्या दोन दशकांत मात्र महाराष्ट्राला हे गाव ठाऊक झालं ते कासवांमुळे.

सुरुवात एका पक्ष्यापासून झाली. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ साली सुरू झाली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची घरटी नोंदवत कोकणचा किनारा पायी धुंडाळत होते. त्या भटकंतीत २००२ साली वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या घरट्यांचा माग लागला. घरटं दिसलं की उकरायचं, अंडी खायची नाही तर विकायची, ही किनाऱ्यावरच्या अनेक गावांची जुनी रीत. माणसाच्या हातून सुटलं ते कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायचं. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण पुळणीवर पहाटे चार वाजता कायदा उभा नसतो. तिथे गावातलाच माणूस हवा. संस्थेनं नेमकं हेच ओळखलं. बाहेरून पहारेकरी आणून बसवण्याऐवजी गावाशी बोलणी झाली, गावातली माणसं फेरीला लागली, आणि घरटं कसं शोधायचं याचं जे ज्ञान अंडी काढण्यासाठी वापरलं जायचं तेच अंडी राखायला कामी आलं. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गावाला अडाणी ठरवून कुणी शिकवायला आलं असतं, तर पहिल्याच हंगामात काम बसलं असतं.

आता हॅचरीविषयी, म्हणजे सापडलेली अंडी हलवून जिथे राखतात त्या जागेविषयी. नाव ऐकून यंत्रं, बल्ब, ट्रे डोळ्यांसमोर येतात. वेळासची हॅचरी म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर, वाळूतच जाळीनं घेरलेला एक चौकोन. त्यात बाहेरची ऊर्जा लागत नाही. उबवण्याचं काम ऊन आणि वाळू करतात. माणसानं सांभाळायचे ते नियम. अंडी शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आत हलवायची. कारण गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. कोंबडी अंडी फिरवत राहते, कासवाच्या अंड्याला तेच घातक. म्हणून अंडं ज्या बाजूनं वर होतं त्याच बाजूनं उचलायचं, तसंच ठेवायचं. मूळ घरट्याची खोली आणि घेर मापून हॅचरीत हुबेहूब तसाच खड्डा करायचा, वर अरुंद, खाली रुंद. त्यातली ओल जपायची. वर पाटी लावायची: घरटं क्रमांक अमुक, तारीख अमुक, अंडी अमुक. आणि वहीत तेच सगळं पुन्हा लिहायचं.

मग वाट पाहायची, पंचेचाळीस ते साठ दिवस. थंडीच्या महिन्यांत वेळ जास्त लागतो, उन्हाळा चढला की कमी. वाळूच्या उबेवर आणखीही एक गोष्ट ठरते. कासवाच्या पिल्लाचं नर-मादी असणं आईबापांकडून येत नाही, ते मधल्या काही आठवड्यांतल्या तापमानावर ठरतं. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, वाळू त्याहून तापली की माद्यांचं प्रमाण वाढत जातं, थंड राहिली की नरांचं. जगभर वाळू तापत चालली आहे, तेव्हा हॅचरीवर सावली धरायची की नाही हा प्रश्न पुढच्या पिढीत नर उरतील का इथपर्यंत जातो. शास्त्रज्ञ म्हणूनच सांगतात की जिथे घरटं सुरक्षित राहू शकतं तिथे ते हलवूच नये. हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे. कोकणात कुत्र्यांची संख्या, भरतीनं कापली जाणारी पुळण आणि माणसांची वर्दळ पाहता तो नाइलाज अजून बऱ्याच ठिकाणी संपलेला नाही.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली तरी लगेच वर येत नाहीत. खालची पिल्लं हलतात, वरची वाळू ढासळते, ती पायांखाली जाते, आणि सगळा घोळका मिळून दोन-तीन दिवसांत वर सरकतो. वाळू थंड झाली की, म्हणजे बहुधा रात्री किंवा पहाटे, ती बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. आत काळसर रंगाची, तळहाताच्या निम्म्यानंही लहान पिल्लं एकमेकांवर चढत असतात. मोजून ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडतात, थेट पाण्यात नाही. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. मोठी झालेली मादी आपण जिथून समुद्रात गेलो त्या मुलखाकडे परत येते, आणि तिची ही ओळख याच वयात पक्की होते असं मानतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात. मोकळ्या पुळणीवर सगळ्यांत उजळ बाजू समुद्राचीच असते. मागे हॉटेलाचे दिवे लागले की ती उलटी वळतात आणि सुरूच्या मुळांत अडकतात. पिल्लं गेल्यावर घरटं उपसून रिकामी टरफलं, न फुटलेली अंडी मोजायची आणि वही पुरी करायची. हजार पिल्लांमागे एखादंच मोठं होतं असा ढोबळ अंदाज सांगतात. हे माहीत असूनही फेरी रोज निघते.

२००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं सोडताना बघायला लोकांनी यावं, गावातच कुणाच्या तरी घरी उतरावं, घरचं जेवावं, पैसे गावात राहावेत. गावच्या कासव मित्र मंडळानं हे जमवलं. या महोत्सवानं हिशेब बदलला: अंड्यांना एकदाच मिळणारी किंमत आणि पिल्लांमुळे दरवर्षी येणारी माणसं यांत गावानं दुसरी बाजू निवडली. पुढे वन विभागानं हे काम हाती घेतलं, त्याच्या कांदळवन कक्षाचा आणि कांदळवन प्रतिष्ठानाचा आधार मिळाला, आणि आंजर्ले, केळशी, गुहागर, दिवेआगर अशा कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र उभे राहिले. त्यांना मानधन मिळतं ते हंगामापुरतं. ऐन थंडीत महिनोन्‌महिने रात्र मोडून फेरी मारणाऱ्या माणसाला वर्षभराचा आधार देता येत नसेल, तर आपण फक्त फोटो काढायला जातो असं म्हणावं लागेल. हे मला मनापासून खटकतं.

कोकणच्या या गावाची गोष्ट जालन्याच्या वाचकाला सांगण्याचं कारण नकाशात आहे. जालना जिल्ह्याला किनारा नाही, पण जिल्ह्याचं पाणी समुद्राला मिळतंच. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. जालन्याच्या नाल्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली तर पूर्व किनाऱ्याला लागेल, पश्चिमेला नाही. पूर्वेच्या त्या समुद्रातही हीच ऑलिव्ह रिडले आहे. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे त्या एकाच वेळी लाखोंनी अंडी घालायला येतात. कोकणात मात्र एकेकटी येते. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी, असंच बराच काळ समजलं जायचं.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानाचा हा उपक्रम होता. तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. ती कुठे जाते हे लोक रोज पाहत होते. पण त्याहून मोठी बातमी एका साध्या धातूच्या बिल्ल्यानं दिली. २०२१ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं गहिरमाथ्याला एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. द्वीपकल्पाला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला असावा असा अंदाज मांडला गेला. तिनं १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्लं बाहेर आली. हे कळलं कारण त्या वेळी किनाऱ्यावर कुणीतरी जागं होतं, त्यानं बिल्ला पाहिला आणि क्रमांक टिपून घेतला. प्रयोगशाळेला हे शोधून काढता आलं नसतं.

समुद्रातला धोका मात्र फेरीच्या हाताबाहेरचा आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकलं आणि श्वास घ्यायला वर येऊ शकलं नाही की गुदमरतं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छिमारानं जाळं कापलं, तर नुकसानीपोटी त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छिमाराचं जाळं म्हणजे त्याचं भांडवल, ते कापायला सांगताना खिसा सांभाळलाच पाहिजे. वेळासच्या घरगुती मुक्कामामागचाच विचार इथे आहे.

आता गोदाकाठी येऊ. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिणेला गोदावरी वाहते, तीच बीड जिल्ह्याची सीमा. तिच्या पाण्यातही कासवं आहेत. लीथचं मऊ पाठीचं कासव हे भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेच सापडत नाही, आणि आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तेही अंडी घालायला काठावर येतं. त्याच काठावरची वाळू रात्री ट्रकांनी भरून जाते, हे शहागड परिसरात कुणाला वेगळं सांगायला नको. समुद्रकासवाच्या पिल्लांचा महोत्सव भरवता येतो. चिखलात दडणाऱ्या या कासवाला बघायला कोण येणार? म्हणून वेळासची नक्कल इथे चालणार नाही. महोत्सव नको, हॅचरीही नको. अंडी हलवण्याचा तर विचारही वन विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, तो गुन्हा ठरतो.

उचलण्याजोगी गोष्ट एकच आहे, फेरी आणि वही. घाणेवाडीच्या तलावातला गाळ जालनेकरांनी लोकवर्गणीतून काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. तेव्हा एकत्र येण्याची सवय या जिल्ह्याला नवी नाही. भोई आणि कोळी कुटुंबांना नदीत कासव कुठे दिसतं, कोणत्या महिन्यात वर येतं, जाळ्यात कधी अडकतं, हे विचारून तारखेनिशी लिहून ठेवलं तर गोदाकाठची नोंद तयार होईल. माग दिसला तर हात न लावता फोटो काढून वनरक्षकाला कळवायचं. हे शिकायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा वेळासला जाऊन यावं, पण टोपलीखाली पिल्लं निघतीलच याची हमी मागू नये. त्याऐवजी पहाटे फेरीवर जाणाऱ्या कासवमित्राला विचारून त्याच्या मागे चालावं, दिवा बंद ठेवून, आणि परतल्यावर त्याची वही पाहावी.