सिलिंडरमध्ये द्रव, शेगडीत वायू!

खास प्रतिनिधी

स्वयंपाकघरातील १४.२ किलोचे सिलिंडर हलवले, की आत काहीतरी डचमळते. शेगडीपर्यंत मात्र पोहोचतो तो वायू. एकच इंधन दोन अवस्थांत कसे वावरते, हे समजले, तर गॅसगळतीच्या वेळी काय करावे व काय टाळावे, हेही उमगते.

प्रत्येक पदार्थ सतत हालचाल करणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. स्थायूत हे कण जागच्या जागी कंप पावतात, द्रवात एकमेकांना धरूनही सरकत राहतात, तर वायूत मोकाट धावतात. वायूचा दाब म्हणजे भांड्याच्या भिंतींवर आदळणाऱ्या कणांच्या धडकांचा एकत्रित परिणाम, असे डॅनिएल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ मध्येच मांडले होते.

घरगुती गॅस हे प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. हवेच्या नेहमीच्या दाबाला प्रोपेन उणे ४२, तर ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे आपल्या हवामानात दोन्ही वायूच. परंतु दाब दिला की रेणू जवळ येतात, त्यांच्यातील आकर्षण प्रभावी ठरते आणि वायूचा द्रव होतो. आकारमान त्यामुळे सुमारे अडीचशे पटींनी घटते.

शेगडी पेटवताच द्रवावरील वायू बाहेर पडतो आणि त्याची जागा द्रवातून निसटणारे रेणू घेतात. सर्वांत वेगवान रेणू आधी निसटत असल्याने मागे उरलेला द्रव थंड होतो. मोठ्या शेगड्या बराच वेळ चालल्या, की सिलिंडरवर बाहेरून पाणी जमते ते यामुळेच.

गॅस संपत आल्यावर सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवे करणे धोक्याचे का, हेही यातून कळते. उष्णतेने रेणूंचा वेग वाढतो व दाब चढतो. आडव्या सिलिंडरमधून द्रवच बाहेर आला, तर तो अडीचशे पटींनी फुगतो.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळतीनंतर जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असताना एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते.

वास आल्यास...

- शेगडी व रेग्युलेटर बंद करावा.
- खिडक्यांबरोबर दारेही उघडावीत.
- विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये. एक्झॉस्ट पंखाही लावू नये.
- घराबाहेर पडून १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.