यंत्र हाक मारते तेव्हा

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आपले माणूस ठेवले, म्हणजे त्याच्या उशाशी एक लहानसा पडदा चमकताना आपण पाहतो. त्यावर रेषा धावतात, आकडे बदलतात आणि मधूनच गजर वाजतो. या यंत्राला मॉनिटर म्हणतात. गजर झाला की नातलगांच्या काळजात धस्स होते. पण दहा वेळा तो वाजला आणि काहीच बिघडले नाही, की अकराव्या वेळी कोणी मान वर करूनही पाहत नाही. धास्ती वाईट, तशीच ही बेफिकिरीही वाईट. दोन्ही टाळायच्या, तर यंत्र काय सांगते ते थोडे समजून घेतले पाहिजे.

मॉनिटरची हाक दोन प्रकारची असते. ‘ठोके फार वाढले’, ‘रक्तातला प्राणवायू कमी झाला’ ही झाली रोग्याविषयीची हाक. दुसरी हाक यंत्राची स्वतःविषयी असते : तार सुटली, बोटावरचा चिमटा निघाला, बॅटरी संपत आली. हिला तांत्रिक सूचना म्हणतात. पडद्यावर ‘लीड ऑफ’, ‘चेक सेन्सर’, ‘लो बॅटरी’ अशी इंग्रजी अक्षरे उमटतात आणि आकड्याच्या जागी बहुधा नुसत्या आडव्या रेघा दिसतात.

आता ही तक्रार कशामुळे होते ते पाहू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगात अगदी सूक्ष्म वीज खेळते. छातीच्या कातडीवर ती सुमारे एक मिलीव्होल्ट भरते. म्हणजे टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचा दीड हजारावा हिस्सा! एवढीशी वीज टिपण्यासाठी छातीवर लेप लावलेल्या चकत्या चिकटवतात. घाम आला, लेप वाळला, केसांमुळे चकती नीट बसली नाही किंवा रोगी कुशीवर वळला, की संबंध तुटतो. उपायही तसाच सरळ आहे : कातडी पुसून कोरडी करायची, नवी चकती लावायची आणि तार नीट अडकवायची.

बोटावरच्या चिमट्याची गंमत निराळी आहे. शिक्षकांनी मुलांना अंधारात टॉर्चवर बोट धरून दाखवावे. बोट लाल उजळते. चिमटा असाच लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून सोडतो आणि ठोक्यागणिक तो किती कमीजास्त होतो यावरून प्राणवायूचा हिशेब करतो. ही युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधून काढली. बोट गार पडले, हात हलला किंवा नखाला गडद रंग असला, तर हिशेब चुकतो. रक्तदाबाचा पट्टा त्याच दंडावर असेल, तर तो फुगताच बोटातले रक्त अडते आणि गजर होतो. म्हणून शक्यतो पट्टा एका हाताला आणि चिमटा दुसऱ्या हाताला लावावा.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘म्हणजे तार सुटली एवढेच ना? मग वाजू द्या!’ इथेच घात आहे. तार सुटली याचा अर्थ रोगी ठीक आहे असा नव्हे. रोगी कसा आहे ते यंत्राला दिसेनासे झाले आहे, असा आहे. राखणदार ओरडून सांगतो आहे की माझे डोळे झाकले गेले. त्या वेळात रोग्याचे काही बरेवाईट झाले, तर यंत्राला पत्ता लागणार नाही.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. अमेरिकेत ती इस्पितळांतच घडली. तेथील इस्पितळांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ साली जाहीर केले, की जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात गजराशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८० मध्ये रोगी दगावला. कुठे गजर बंद करून ठेवला होता, कुठे तो ऐकूच गेला नाही, कुठे सतत वाजण्याने कान विटले होते.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा : आधी रोगी, मग तार, मग यंत्र. पडद्यावरची रेषा सपाट झाली, तर ती सुटलेल्या तारेमुळेही असेल आणि थांबलेल्या हृदयामुळेही असेल. रोग्याकडे पाहिल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. तो श्वास घेतो का, हाकेला ओ देतो का, ओठ निळे पडले का, हे पाहावे आणि लगेच सिस्टरना बोलवावे. तारा जोडण्याचे काम त्यांचे. आवाज बंद करण्याचे बटण आपण दाबू नये. आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी मॉनिटरचा प्लग तर कधीच काढू नये. बॅटरीवर यंत्र थोडा वेळ चालते, पुढे मुके होते. आणि मुके झालेले यंत्र कोणालाच हाक मारू शकत नाही.

‘सिस्टर, यंत्र वाजतंय, जरा बघता का?’ असे म्हणायला संकोच कसला? दहा वेळा तार सुटली म्हणून त्या आल्या, तरी अकराव्या वेळीही त्यांना बोलवाच.