मोरपंखीच्या पायाशी पाणी नको

सकाळचे ६. श्रावण संपत आलाय, गणपती तोंडावर आलेत. रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय आणि आंबेनळी घाटाच्या बाजूला ढग अजून डोंगर सोडायला तयार नाहीत. चहा व्हायच्या आधी मी मोरपंखीच्या रांगेकडे जाते. पोलादपुरातल्या आमच्या नर्सरीत जास्वंद, अनंत, सोनटक्का ही मंडळी पावसात खुशीत असतात, त्यांच्याकडे दुपारी गेलं तरी चालतं. मोरपंखीचं तसं नाही.

काम एकच असतं. प्रत्येक कुंडी दोन्ही हातांनी जरा उचलायची. पाणी निथळलेली कुंडी आणि पाणी धरून बसलेली कुंडी हाताला वेगळी लागते. जड लागली की आडवी करायची, खालच्या भोकात बांबूची काडी घालायची आणि अडकलेला गाळ काढायचा. तुंबलेलं पाणी भळकन बाहेर येतं. सगळ्या कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवलेल्या आहेत, म्हणजे भोक जमिनीला टेकत नाही. पावसाचे चार महिने ही फेरी चुकवत नाही.

कारण हे झाड आपलं दुखणं लवकर सांगत नाही. पाणी तुंबलं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, मागोमाग बुरशी येते. तुळस असती तर दोन दिवसांत मान टाकून मोकळी झाली असती. मोरपंखीचं मूळ श्रावणात मेलं तरी पानं पुढे कित्येक आठवडे हिरवी दिसतात. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, झाड एकदम तपकिरी पडतं आणि माणसं म्हणतात, उन्हानं जळलं. रोज बादलीभर पाणी घालायला लागतात. झाड तर कधीच गेलेलं असतं. दिवाळीनंतर वाळलेली मोरपंखी घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, पावसाळ्यात ती कुठे ठेवली होती?

साडेसातला मावशी येतात. वाडीवरून चालत येतात, डोक्यावर इरलं नसलं तरी प्लॅस्टिकची खोळ असतेच. आल्या आल्या माती कालवायला बसतात. एक घमेलं तांबडी माती, एक घमेलं बारीक कच, अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं भाताचं जळकं तूस. कोकोपीट मी या झाडांना वापरत नाही. उन्हाळ्यात ते चांगलं, पण आपल्याकडच्या पावसात ते पाणी सोडतच नाही. हे सूचिपर्णी झाड मूळचं उत्तर चीन आणि कोरियाकडचं, कोरड्या टेकड्यांवर, दगडांच्या फटीत वाढणारं. पोलादपूर तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत रानात वाढणारं एकही सूचिपर्णी झाड नाही. थेट दक्षिणेला केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत पोडोकार्पसच्या कुळातलं एक आपसूक वाढतं, तेवढंच. म्हणजे आपण पाहुण्याला घरात घेतोय, तर त्याच्या सवयी पाहायला हव्यात. मातीत हाताला कच टोचली पाहिजे, मूठ दाबून उघडली की गोळा फुटला पाहिजे, हे मावशींना आता सांगावं लागत नाही.

९ वाजता सकाळी बाजूला काढलेल्या जड कुंड्या घेऊन बसते. कुंडी उलटी करून काठावर हलकेच ठोकलं की मुळांचा गोळा अख्खा हातात येतो. चांगलं मूळ टोकाशी पांढरट, ताठ असतं आणि वासही पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. आज एका गोळ्याच्या तळाशी मुळं काळपट दिसली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत केसासारखा धागा राहिला. सडल्याची ही खात्रीची खूण. कात्री पाण्यात आणि स्पिरिटमध्ये बुडवून घेतली, सडकी मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापली, नव्या कोरड्या मातीत झाड बसवलं. आधीच्यापेक्षा लहान कुंडी घेतली, कारण मोठ्या कुंडीत मुळं कमी नि ओली माती जास्त होते. खत काही नाही. आजाऱ्याला जेवण वाढत नाहीत. ट्रायकोडर्मा चार-आठ दिवसांनी, मूळ सावरल्यावर. गोळा अर्ध्याहून जास्त काळा असेल तर मी झाड वाचवत बसत नाही. माती फेकते, कुंडी चुन्याच्या पाण्यानं धुते. शेजारच्या कुंड्यांना तो त्रास नको.

साडेदहाला ऊन पडलं. श्रावणातलं ऊन तासा-दीड तासाचं, तेवढ्यात फवारणी उरकायची. बोर्डो मिश्रण आपल्या कोकणात सुपारीवाल्यांना पाठ असतं. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं. रंग आकाशी आला की स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर धरायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, पानं भाजतील. आणखी चुना घालायचा. खिळा होता तसा निघाला की पंपात भरायचं.

मोरपंखीवर हे मारायचं ते आतल्या बाजूला. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. पंख बाजूला करून आत पाहिलं तर खालच्या फांद्यांवर तपकिरी पानं दिसतात. त्यातली काही नुसती जुनी झालेली असतात, उजेड न मिळाल्यानं गळणारी; ती हातानं झटकली की झाड मोकळं होतं. पण तपकिरी रंग खालून वर आणि आतून बाहेर सरकत असेल, तर तो करपा. झटकलेली पानं खाली ठेवायची नाहीत, वेचून जाळायची. दोन झाडांमध्ये वाऱ्याला वाट हवी. एकाला एक खेटून ठेवलेल्या रांगा फोटोत सुंदर दिसतात आणि भाद्रपदात करपतात.

१२ च्या सुमाराला महाडहून एक काका आले. मुलगा-सून मुंबईहून गणपतीला येणार, दारात दोन्ही बाजूंना मोरपंखीची जोडी हवी. अंगण केवढं, तर दारापासून फाटकापर्यंत आठ-दहा फूट. त्यांनी बोट दाखवलं ते उंच, सरळ, स्वस्त रोपांकडे.

"काका, ही बियांपासून केलेली आहेत. चार-पाच वर्षांत तुमच्या पत्र्याला लागतील."

"मग शेंड्याला छाटू की."

इथे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवते. या जातीत हिरवी पानं असलेल्या भागातच कात्री चालवावी. तपकिरी, बोडक्या लाकडात कापलं तर तिथून सहसा पालवी फुटत नाही, भोक कायमचं राहतं. म्हणून छोट्या अंगणाला मुळातच ठेंगणी जात घ्यायची. ठेंगणी म्हणजे वाढ थांबलेली असं नव्हे. परदेशात वर्षाला १ ते ६ इंच वाढणाऱ्या सूचिपर्णींना ठेंगण्या म्हणतात आणि आपल्या उबेत त्या थोड्या जास्तच वाढतात. ऑरिया नाना ही सोनेरी, अंड्याच्या आकाराची जात अंगणात कमरेएवढी व्हायला चांगली काही वर्षं घेते. ती फांदीपासूनच करावी लागते. बी लावलं तर पोर आईवर जाईलच असं नाही. किंमत म्हणून जास्त. काकांना मी दोन्ही रोपं शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा पटलं.

"पण ही सोनेरी कुठाय? हिरवीच दिसतेय."

"श्रावण आहे काका. ऊन मिळालं की रंग येतो."

मग मुख्य प्रश्न. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा बाजारपेठेतल्या घरांत चिखल किती साचला होता हे महाडकरांना सांगायला नको. काकांचं घर त्याच भागात. पूर ओसरल्यावर मुळांवर बसलेला बारीक गाळ हवा कोंडून टाकतो, आणि पुरातून वाचलेलं झाड त्या गाळानं जातं. तेव्हा जमिनीत लावायचं असेल तर खड्डा खणायचाच नाही. चिऱ्यांचं फूटभर उंच कडं करायचं, तळाला खडी, वर आपली मिश्र माती, आणि झाड असं बसवायचं की खोडाचा पाया मातीच्या जरा वरच राहील. भिंतीपासून तीन फूट लांब. पत्र्याची धार ज्या रेषेत पडते तिथे तर मुळीच नाही. काकांनी शेवटी कुंड्याच घेतल्या, पायऱ्यांवर ठेवता येतील अशा. पाणी चढायला लागलं की उचलून गच्चीत नेता येतील. माझ्या मते त्यांच्यासाठी तेच बरोबर. गाडीत ठेवताना दोनदा सांगितलं, गणपतीत पाहुणे येतील, कौतुकानं पाणी घालतील, घालू देऊ नका.

जेवून ३ ला पुन्हा. महाबळेश्वरहून घाट उतरून आलेलं एक जोडपं थांबलं. दरडी नसतील तेव्हा ही वर्दळ असते. त्यांना मोबाइलवर पाहिलेला निळसर, टोकदार बुटका स्प्रूस हवा होता. अशा झाडांची गोष्ट मला आवडते. कॅनडातल्या लॅगनजवळ १९०४ मध्ये अर्नोल्ड आर्बोरेटमचे दोन वनस्पतिज्ञ गेले होते, तिथे त्यांना रानात आपोआप ठेंगणी राहिलेली स्प्रूसची रोपं दिसली. जगभरच्या बागांत आज दिसणारा कोनिका हा ठेंगणा स्प्रूस तिथून आला. गोष्ट सांगितली, झाड दिलं नाही. बर्फातली झाडं आहेत ती, त्यांना हिवाळ्यात खरी झोप लागते. आपल्या मे महिन्यात महाडची हवा चाळिशी गाठते. त्यांना पसरणाऱ्या ज्युनिपरची एक छोटी कुंडी दिली आणि पावसात ती छपराखाली ठेवा म्हटलं.

४ वाजता, गेल्या कार्तिकात लावलेल्या काड्यांचा पिशवीबदल. पाऊस सरला की पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी जुन्या सालीच्या चिमट्यासकट ओढून काढतो आणि निव्वळ वाळू-तुसात खोचतो. मूळ धरायला कित्येक महिने जातात. त्यातल्या बऱ्याच काड्या नुसत्या हिरव्या उभ्या असतात, खाली मूळ नसतं. हलकेच ओढून पाहायचं, अडली तर धरली. बियांची रोपं शेजारीच आहेत. त्यांची पहिली पानं सुईसारखी टोचरी असतात, चपटे पंख मागाहून येतात.

पाचनंतर शाळा सुटते. मुलं फाटकाशी येतात, "ताई, विद्या द्या ना." विद्या म्हणजे मोरपंखीच; वहीत ठेवायला तिचा एक पंख हवा असतो. मी कात्रीनं बाहेरचा लहान पंख काढून देते आणि एखाद्याला निळसर, टोकाला आकडा असलेलं कच्चं फळही दाखवते. पिकलं की तपकिरी होऊन उकलतं, आत बिनपंखाच्या बिया असतात. ओढून तोडायचा नाही, एवढी एकच अट आहे, आणि ती मुलं पाळतात.

७ ला वही. आंध्रातल्या कडियमहून येणाऱ्या गाडीची मागणी कळवायची आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात मुळं ओली राहावीत म्हणून तिकडची रोपं चिकट मातीच्या गोळ्यात बांधून येतात. तो गोळा धुऊन काढून आपल्या मातीत बसवायचा तर कोरडी हवा लागते, दोन माणसं आणि चार-पाच दिवस लागतात. म्हणून मोरपंखी आणि ज्युनिपर दिवाळीनंतरच भरा असं लिहिलं. सोनेरी निम्मी, हिरवी ठेंगणी दुप्पट. पावसात आलेली गाडी मी उतरवून घेणार नाही.