मालवणच्या प्रवाळ क्षेत्रातील स्नॉर्कलिंग

मालवणच्या प्रवाळ क्षेत्रातील स्नॉर्कलिंग हा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथे चालणारा सागरी पर्यटनाचा एक प्रकार आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या सभोवतालच्या उथळ समुद्रात जिवंत प्रवाळ आढळतात. मुखवटा व श्वासनळी लावून, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत ते पाहता येतात. हा परिसर मालवण सागरी अभयारण्यात मोडतो.

भौगोलिक स्वरूप

कुरटे हे प्रवाळांपासून तयार झालेले बेट नसून खडकाळ बेट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात त्यावर सिंधुदुर्ग किल्ला बांधला. लक्षद्वीपमधील बेटे प्रवाळांच्या सांगाड्यांवर उभी आहेत. मालवणला मात्र प्रवाळ पाण्याखालील खडकांवर तुटक वसाहतींच्या रूपात वाढतात. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रातील मोठी प्रवाळभित्ती म्हणजे विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेला आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा होय. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर असल्यामुळे ते स्नॉर्कलिंगचे ठिकाण नाही.

प्रवाळ

प्रवाळ (पोवळे) हा वनस्पती किंवा दगड नसून वसाहतीने राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. या प्राण्यांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा प्रवाळास मिळतो. म्हणून प्रवाळांना उथळ व प्रकाशमान पाणी लागते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या व खाड्यांतून येणारा गाळ पाणी गढूळ करतो आणि त्याचा खारटपणाही घटवतो. अशा परिस्थितीत मोजक्याच जाती तग धरतात. मालवणला पोराइट्स, फॅव्हाइट्स, टर्बिनेरिया इत्यादी प्रजातींचे प्रवाळ आढळतात.

सहलीचे स्वरूप

मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यालगतच्या खडकाळ भागात नेले जाते. पोहता न येणारे पर्यटकही जीवरक्षक जाकीट घालून, प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत पाण्यात उतरतात. प्रवाळांच्या आसपास फुलपाखरू मासे, पोपट मासे, हेकरू यांसारखे मासे दिसतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हे उपक्रम बंद राहतात. हिवाळ्यात पाणी तुलनेने नितळ असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह जोरदार असतो व तळातील गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असताना पाणी अधिक शांत असते.

प्रवाळांना असलेले धोके

ज्या उथळपणामुळे हे प्रवाळ सहज पाहता येतात, त्याच उथळपणामुळे ते माणसाच्या पायाखालीही येतात. गोलाकार वसाहतींची वाढ वर्षाला साधारणतः एक सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे एका पावलाने किंवा होडीच्या नांगराने झालेली हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. पायांनी ढवळलेली वाळू प्रवाळांवर बसून प्रकाश अडवते. मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकल्यास त्यांच्या नैसर्गिक आहाराच्या सवयी बदलतात. शैवाल खाणारे मासे आयत्या अन्नाकडे वळले, तर प्रवाळांवर वाढणाऱ्या शैवालाला आळा बसत नाही.

समुद्राचे तापमान नेहमीपेक्षा वाढून काही आठवडे तसेच राहिल्यास प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यास विरंजन म्हणतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणला असे विरंजन नोंदवले आहे. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मरत नाही. तापमान वेळेत उतरल्यास तो सावरू शकतो. मात्र गाळ, धक्के व प्रदूषण यांचा ताण असल्यास ही शक्यता कमी होते.

संरक्षण

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर असून, त्यापैकी सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांचा परिसर येतो. खडक तयार करणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार संरक्षण असून ते तोडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. अभयारण्यामुळे मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. पुढे त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे होडी चालवणे व मार्गदर्शन या कामांकडे वळली. त्यामुळे प्रवाळ टिकून राहणे हा त्यांच्या उपजीविकेचाही प्रश्न बनला आहे.

पोहोचण्याचा मार्ग

पनवेल येथे सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जातो. कणकवली, कसाल किंवा कुडाळ येथून मालवणकडे फाटे आहेत. कोकण रेल्वेवरील कणकवली, सिंधुदुर्ग व कुडाळ ही जवळची स्थानके आहेत. पनवेल तालुक्यातील ओवे, खारघर परिसरातून हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर असल्याने समुद्रातील सहल काही तासांची असली, तरी प्रवासासाठी मुक्काम करावा लागतो.