उंच गाडी, जमिनीवर पाय

मी बचत गटांची समन्वयक. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर माझ्या बैठका असतात, म्हणून जुनी 411 सीसीची हिमालयन वापरते. परवा गटातली एक मुलगी म्हणाली, "ताई, मलाही अशीच गाडी घ्यायचीय. घरचे म्हणतात, बाईला झेपणार नाही." तिला दिलेलं उत्तर आज सगळ्यांसाठी सांगते.

आधी माझी चूक ऐका. मी गाडी रूपावर भाळून घेतली. पहिल्याच महिन्यात उतारावर थांबले, पाय टेकायला गेले तर खाली जमीनच नाही. गाडी आडवी झाली आणि घोटा तीन आठवडे सुजलेला. ताकद कमी पडली नव्हती, माप चुकलं होतं.

म्हणून पहिलं काम घरी करा. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, मांड्यांमध्ये वही घट्ट वर धरा आणि शिवणाच्या टेपनं तिथून जमिनीपर्यंत मोजा. हे तुमच्या पायाचं माप. आता गाडीच्या सीटची उंची बघा. 411 हिमालयनची 800 मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. नव्या 450 ची सीट 825 किंवा 845 वर बसवता येते. एक्सपल्स 200 ची 825 च्या आसपास, पण ती पुष्कळ हलकी, 160 किलोच्या घरात. हिमालयन पेट्रोलसकट जवळपास 200 किलो. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि कमी पोचतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. रोजचे बूट घालून बसून बघा. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. कंबर थोडी सरकवून एक पाय पक्का टेकला तरी चालतं. फक्त तो चढाच्या बाजूचा असावा.

गाडी घेतली की ती आपल्या अंगाला बसवून घ्यायची. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मेकॅनिककडून असे फिरवून घ्या, की हात सरळ ठेवून बोटं त्यावर यावीत, मनगट मुडपू नये. मागचा शॉकअप ओझ्याप्रमाणे कमी-जास्त घट्ट करता येतो. मागं कुणी बसणार किंवा सामान असेल तर घट्ट करा. चाकातली हवा कंपनीनं सांगितलेल्या आकड्याप्रमाणेच भरा. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखं. मी पूर्वी वह्यांची पेटी कॅरियरवर उंच बांधायची, तेव्हा वळणावर गाडी डुलायची.

गाडी पडलीच, तर आधी इंजिन बंद करा. गाडी गिअरमध्ये असू द्या, म्हणजे घसरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडून ठेवा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. पाठ सीटला टेकवा, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची दांडी धरा, आणि पायांच्या जोरावर छोट्या पावलांनी मागं रेटा. कमरेतून वाकून ओढू नका. हे अंगणात दोन माणसं जवळ उभी करून शिकून घ्या.

शेवटी कागद. स्कूटीचं बिनगिअरचं लायसन्स असेल तर ही गाडी चालवता येत नाही, गिअरचं काढावं लागतं. हप्ते तुम्ही भरणार असाल तर आरसी आणि विमाही तुमच्याच नावावर हवा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावलेलं.

त्या मुलीला मी सांगितलंय, रविवारी टेप घेऊन ये. आधी माप घेऊ, मग कर्जाच्या अर्जाचं बोलू.