पाठीवर डोळे असलेली गोगलगाय

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला समुद्राला उधाण असते. भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली उतरते. अशा संध्याकाळी रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर उकिडवे बसून पाहावे. शेवाळलेल्या कातळावर अंगठ्याएवढा, चामखिळींनी भरलेला एक करडा-तपकिरी गोळा हळूहळू सरकताना दिसतो. ही बिनशंखाची गोगलगाय. शास्त्रीय नाव पेरोनिया व्हेरुक्युलाटा. जुन्या ग्रंथांत ऑन्किडियम. कालवे, तिसऱ्या ताटात येतात म्हणून त्यांना नावे मिळाली. हिच्यासाठी बोलीतला शब्द मी तरी ऐकलेला नाही.

समुद्रात राहत असली, तरी प्रवाळांवरच्या रंगीत सागरी गोगलगाईंपेक्षा हिचे नाते आपल्या परसातल्या गोगलगाईंशी अधिक जवळचे आहे. हिला फुप्फुस असून त्याचे छिद्र शरीराच्या मागच्या टोकाला असते. शिवाय पाठीच्या मागच्या भागावर झुडपासारखे फुटलेले कल्लेही असतात. भ्रूणावस्थेत चिमुकला शंख असतो, तो पुढे नाहीसा होतो. पाणी ओसरले की ती चरायला निघते आणि भरतीच्या आधी कपारीत परतते. परतीची वाट तिला चिकट स्रावाच्या मागावरून सापडते.

सर्वांत नवल डोळ्यांचे. डोक्यावरच्या शिंगांच्या टोकाला दोन डोळे आहेतच. पण पाठीवरच्या काही चामखिळींवरही बारीक डोळ्यांचे पुंजके असतात. त्यांतल्या दृष्टिपटलाची मांडणी इतर गोगलगाईंसारखी नसून आपल्या डोळ्यासारखी उलटी आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल सेम्पर यांनी १८७७ साली या पाठीवरच्या डोळ्यांचे सविस्तर वर्णन केले. वरून झडप घालणाऱ्या निवट्यांपासून बचावासाठी ते आले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे सर्वमान्य झाला नाही.

या प्राण्याचा पाया आपल्याकडेही घातला गेला आहे. पी. आर. आवटी आणि के. आर. करंदीकर यांनी १९४८ साली त्याची शरीररचना, भ्रूणविकास आणि जीवनक्रम यांवर लिहिलेला प्रबंध मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. २०२० साली पेरोनिया प्रजातीची नव्याने तपासणी झाली, तेव्हा बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखायला अंतर्गत रचना आणि डीएनए दोन्ही लागतात, हे स्पष्ट झाले. म्हणजे नुसत्या छायाचित्रावरून नाव ठोकून देण्यात अर्थ नाही.

हिला जगायला भरती-ओहोटीमधला अरुंद पट्टा, शेवाळ आणि एक कपार पुरते. मिऱ्यासारख्या ठिकाणी घरे-बागा वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा लागतो, हे खरेच. पण जिथे मूळ कातळ दगडांखाली जातो, तिथे आधी कोण राहत होते याची नोंद तरी व्हावी. आपल्या लेखी तो पट्टा धड जमीन नाही, धड समुद्र नाही. हिचे सारे घर मात्र तेवढेच आहे.