चावी काढली, तरी इंजिन थांबेना!

मुलांनो, पेट्रोल महाग पडतं म्हणून पूर्वी कितीतरी जणांनी आपल्या अँबॅसॅडरमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं. आमच्या मामांनीही बसवलं. सुरू झालं. मामांनी चावी काढली, तरी इंजिन आपलं धडधडतंच!

असं का? पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीने इंधन पेटतं. चावी बंद की वीज बंद, ठिणगी बंद, इंजिन गप्प. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. आतली हवा दाबली जाऊन इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. (सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना? तेच हे.) म्हणजे थांबवायला डिझेलच तोडायला हवं! जुन्या गाड्यांत त्यासाठी ओढायची एक मूठ असे. तिचीच तार जोडायची राहिली होती. शेवटी टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे ते थांबलं.

पंपाकडून उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला आणखी एक नळी टाकावी लागते. नळीत हवा राहिली तर इंजिन सुरूच होत नाही.

आणि वायर? थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगला खूप वीज लागते. तिथे जुनीच बारीक वायर ठेवली तर ती तापून वितळते, गाडी पेटूही शकते. मामांनी जाड वायर टाकून घेतली, मगच मामी गाडीत बसल्या.